चार बोटं प्ले

जुन्या ट्रकचं स्टेअरिंग सरळ रस्त्यावरही हलतं ठेवावं लागायचं. थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, पुन्हा डावीकडे. जुन्या सिनेमात गाडी चालवणारा नट उगाच हात हलवतो म्हणून आजची मुलं हसतात. ट्रकवर ते उगाच नव्हतं. स्टेअरिंग फिरायला लागल्यापासून पुढची चाकं हलेपर्यंत मध्ये एक पोकळ अंतर असायचं, आणि ड्रायव्हर दिवसभर त्या अंतराच्या दोन टोकांमध्ये गाडी सांभाळत असायचा. हा प्ले बोटांनी मोजायची पद्धत होती. पुढची चाकं सरळ करायची, स्टेअरिंगच्या कडेवर खडूची खूण करायची. एकानं स्टेअरिंग हळूहळू फिरवायचं, दुसऱ्यानं खाली बसून चाकावर नजर ठेवायची. चाक हललं की थांबायचं आणि खूण किती सरकली ते बोटं लावून बघायचं. दोन बोटं म्हणजे गाडी नव्यासारखी. चार बोटं म्हणजे चालेल. सहा झाली की मालकाला निरोप जायचा.

हीच गोष्ट १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत अंशांमध्ये लिहिलेली आहे: स्टेअरिंगवरचा प्ले ३० अंशांच्या वर जाता कामा नये. ट्रकचं स्टेअरिंग अर्धा मीटर व्यासाचं धरलं, तर ३० अंश म्हणजे कडेवर साधारण तेरा सेंटिमीटर, सहा-सात बोटं. नियमाची मर्यादा आणि गाडी दुरुस्त करणाऱ्या वस्तादाच्या बोटांची मर्यादा जवळजवळ एकच निघते. हा हिशेब मी खूप उशिरा मांडला आणि मांडल्यावर मला मनापासून बरं वाटलं. आमची माणसं अंदाजपंचे काम करत होती असं जे ऐकून घ्यावं लागतं, त्याला निदान एका बाबतीत तरी उत्तर मिळालं.

आमची पिढी म्हणजे कर्वेनगरला अजून हिंगणे म्हणणाऱ्या म्हाताऱ्यांच्या हाताखाली वाढलेली. महर्षी कर्व्यांनी १९०० च्या सुमारास ज्या माळावर आश्रमाची झोपडी उभी केली, जिथं ते पुण्याहून चिखल तुडवत पायी येत, त्या हिंगणे बुद्रुकला पुढे त्यांचंच नाव मिळालं. आम्हाला कळायला लागलं तोवर त्या वाटेचा रस्ता झाला होता आणि त्यावरून दिवसभर वाळू, खडी, विटा, मुरूम जात होता. कोथरूडपासून वारज्यापर्यंत बंगले आणि सोसायट्या उठत होत्या, आणि त्यांचा कणन् कण ट्रकनं येत होता. त्यातले पुष्कळ ट्रक एकट्यादुकट्या मालकाचे. मालक, ड्रायव्हर आणि क्लीनर कधी कधी एकाच घरातले. आमच्या घरातही तसा एक होता, काकांच्या नावावर आणि आजीच्या पाटल्यांवर घेतलेला. पुढे लांब नाक, लाकडी फळ्यांची बॉडी, मागे रंगवलेला मोर. तो दुरुस्त व्हायचा रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत, कडुलिंबाच्या सावलीत. वस्तादाची लोखंडी पेटी, दोन जॅक, चाकाखाली लावायचे लाकडी ठोकळे आणि अंथरायला गोणपाट, एवढंच गॅरेज.

आता त्या रस्त्यावर कर्वेनगर चौकात उड्डाणपूल आहे, त्याच्याखाली रिक्षा आणि पीएमपीच्या बस. जड गाड्यांना शहरात बंदीचे तास आहेत, त्यामुळे काँक्रीटचा मिक्सर येतो तोही बहुतेक रात्री. ट्रक दुरुस्त करणारी मंडळी सरकत सरकत बाह्यवळणाच्या बाजूला गेली. इथल्या मुलांना ट्रक दिसतो, पण त्याचं पोट दिसत नाही. माझ्या चुलतभावाचा मुलगा आज ट्रक चालवतो आणि त्याचं स्टेअरिंग तो एका हाताच्या तळव्यानं फिरवतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे. काका मे महिन्यात मांडीवर ओला पंचा टाकून गाडी चालवायचे. मुलाला एसी मिळतो याचा मला आनंद आहे, त्यात काहीही खोट नाही.

तरीही प्ले शोधण्याचा तो दिवस आठवतो, आणि तो गेला याचं वाईट वाटतं.

त्या कामाला दोन माणसं लागायची. एक वर, एक खाली. वर आमच्यापैकी कुणीतरी, खाली वस्ताद. इंजिन बंद. वरच्यानं स्टेअरिंग फक्त त्या पोकळ अंतरात इकडून तिकडे हलवायचं, जोर लावायचा नाही. खालून आवाज यायचा, "हलव." मग "हळू." मग "थांब, तिथंच." वस्ताद एकेका सांध्यावर पंजा ठेवत पुढे जायचा. आधी स्टेअरिंगच्या दांडीचा जोड, मग स्टेअरिंग बॉक्स, बॉक्समधून खाली उतरणारा आर्म, तिथून पुढे जाणारी ड्रॅग लिंक, तिची दोन्ही टोकं, मग दोन चाकांना जोडणारा टाय रॉड. पंजा असा ठेवायचा की अर्धा तळवा सांध्याच्या एका भागावर आणि अर्धा दुसऱ्या भागावर. दोन्ही भाग एकदम हलले तर सांधा चांगला. एक आधी हलला आणि दुसरा मागून आला, तर प्ले तिथं. वस्ताद त्यावर खडूनं रेघ मारायचा आणि पुढे सरकायचा. एका जागी प्ले सापडला म्हणून शोध थांबवायचा नाही. सहा बोटांतलं एक बोट इथलं, दीड बोट तिथलं, अशी सगळी बेरीज जमली पाहिजे. कधी कधी सगळे सांधे ठीक निघायचे आणि बॉक्सच चॅसीवर डोलत असायचा, कारण त्याचे बोल्ट ढिले. चार बोल्ट आवळले की काम संपलं आणि पैसे फक्त चहाचे.

आणि सापडलं की तो आम्हाला खाली बोलवायचा. "इकडं ये. हात लाव." गोणपाटावर त्याच्या शेजारी आडवं व्हायचं, डिझेल आणि मातीचा वास, डोळ्यांत पडणारा गंज, आणि त्यानं आपला हात धरून नेमका त्या सांध्यावर ठेवलेला. वर दुसरा कुणी स्टेअरिंग हलवायचा आणि तळव्याखाली एक बारीकशी टक लागायची. कानाला ती ऐकू यायची नाही. काकांनाही हात लावायला लावायचे, कारण पैसे ते देणार होते. मालकानं स्वतःच्या हातानं झीज तपासल्याशिवाय नवा सुटा भाग आणायचा नाही, हा तिथला शिरस्ता होता.

आज वाहन तपासणीच्या यांत्रिक केंद्रावर पुढची चाकं दोन लोखंडी पाटांवर उभी करतात. पाट हायड्रॉलिकच्या जोरानं आडवे-उभे सरकतात, चाकांना हिसके देतात, आणि खड्ड्यात उभा असलेला तपासनीस दिवा धरून सांधे बघतो. हे काम झटपट होतं. वस्तादाला जी झीज हाताला लागेपर्यंत वाट बघावी लागायची ती इथं डोळ्यांना आधीच दिसते. शिवाय पॉवर स्टेअरिंगच्या गाडीचा प्ले इंजिन चालू ठेवूनच बघावा लागतो, नाहीतर आतल्या व्हॉल्व्हची ढिलाई प्लेमध्ये मिसळते आणि माप चुकतं. चालत्या इंजिनाखाली "हलव, थांब" ऐकू येणार नाही. जुनी पद्धत आता तशीच्या तशी वापरताच येणार नाही, हे मान्य करायला हवं. पण गाडीचा मालक बाहेर काचेपलीकडे बसलेला असतो आणि त्याच्या हातात कागद येतो. कागदावर पास किंवा नापास. कुठला सांधा, किती, हे त्याच्या हाताला कळत नाही.

शोधल्यानंतरच्या कामात खरी परीक्षा होती ती किंग पिनची. ज्या जाड खिळीभोवती पुढचं चाक वळतं ती ही किंग पिन. अ‍ॅक्सल जॅकवर उचलायचा, चाक वर आणि खाली धरून हलवायचं. हललं, तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगायचं आणि पुन्हा हलवायचं. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर दोष हबच्या बेअरिंगचा, तसंच राहिलं तर किंग पिनचा. ही साधी युक्ती आहे आणि आजही तितकीच खरी आहे. मग पिन घणाचे घाव घालून बाहेर काढायची, आणि ती निघता निघत नसे. जुने बुश काढून नवे पितळी बुश ठोकून बसवायचे आणि ते आतून रीमरनं घासायचे. हे घासणं वस्ताद दुसऱ्या कुणाला करू देत नसे. रीमर अर्धा फेरा फिरवायचा, बाहेर काढायचा, किस फुंकायचा, पिन घालून बघायची. पुन्हा अर्धा फेरा. तेल लावलेली पिन अंगठ्याच्या दाबानं सरकली पाहिजे आणि आपल्या वजनानं पडता कामा नये. या दोहोंमधलं अंतर मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजावं लागतं. त्याच्याकडे मायक्रोमीटर नव्हता. अंगठा होता, आणि ऊन कुठं आलं यावरून जेवणाची वेळ टळून गेल्याचं कळायचं.

आता किट येतं. पिन, बुश, थ्रस्ट बेअरिंग, शिम, सगळं एका डब्यात. स्टेअरिंग बॉक्स बिघडला तर तो तसाच काढायचा आणि कारखान्यात तपासून आलेला दुसरा बसवायचा. आपल्याच जिल्ह्यात वढू बुद्रुकला झेडएफ स्टेअरिंग गिअरचा कारखाना आहे. कोथरूडच्या टेकडीवर ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन आहे, १९६६ साली सुरू झालेली. तिथं गाड्यांच्या अंगप्रत्यंगाची यंत्रांवर परीक्षा होते, आणि आम्ही ज्या वयात टेकडीखाली गोणपाटावर लोळत होतो त्या वयातही ती होतच होती. दोन जगं एकाच उतारावर होती. वरच्या जगाचं ज्ञान हळूहळू खाली आलं हे फार चांगलं झालं. खालच्या जगाचं मात्र कुणी वर नेलं नाही, आणि मला त्याची हळहळ वाटते.

बॉक्सचंच उदाहरण घ्या. बॉक्सवर एक स्क्रू असतो, त्याला लॉकनट. नट सैल करून स्क्रू आत फिरवला की आतले दाते जवळ येतात आणि प्ले कमी होतो. दहा मिनिटांचं काम, आणि म्हणून घाईवर असलेला प्रत्येक ड्रायव्हर तेच करायला सांगायचा. वस्ताद ऐकायचा नाही. गाडीचा बहुतेक जन्म सरळ रस्त्यावर जातो, त्यामुळे दाते मधल्या जागी सर्वांत जास्त झिजतात आणि कडेला नवेच राहतात. मधला प्ले पूर्ण घालवायला स्क्रू आवळला, की पूर्ण वळण घेताना स्टेअरिंग अडकतं. ते वळणावर अडकणं घाटात जीव घेतं. म्हणून तो स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून फेरे मोजायचा, निम्म्यावर आणून मध्य धरायचा, ड्रॅग लिंक सोडवून बॉक्स मोकळा करायचा, मग स्क्रू पाव पाव फेरा आवळत दर वेळी दोन्ही टोकांपर्यंत फिरवून बघायचा. कुठंही जड लागलं की तेवढं मागे. शेवटी थोडा प्ले उरायचाच. काका म्हणायचे, अजून थोडा काढ. तो म्हणायचा, "मालक, खंबाटकी उतरायचाय ना?" त्या वाक्यावर वाद संपायचा.

इतकं सगळं आठवून झाल्यावर स्वतःला थांबवावं लागतं. कारण सगळेच वस्ताद असे नव्हते, आणि जे होते त्यांच्याकडेही सगळ्या दिवशी वेळ आणि मालकाकडे सगळ्या महिन्यांत पैसे नव्हते. झिजलेल्या बुशाभोवती डालड्याच्या डब्याचा पत्रा कापून गुंडाळलेला आम्ही पाहिला आहे. बॉल जॉइंटची वाटी हातोडीनं ठोकून आवळलेली पाहिली आहे. ज्या टोकावर गाडीतल्या माणसांचा जीव लटकलेला असतो त्याला वेल्डिंग मारून "आता काही होत नाही" म्हणून गाडी भरायला पाठवलेली पाहिली आहे. सील फुटून बॉक्समधलं तेल गळायचं, तर ते सील बदलण्याऐवजी आत ग्रीस भरलं जायचं. अशा किती गाड्या रस्त्यावरून उतरल्या याचा हिशेब कुणी ठेवला नाही, आणि त्या काळचं गुणगान करताना त्या गाड्यांतली माणसं विसरणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

जुनं स्टेअरिंग हाताला मारायचंही. चाक खड्ड्यात गेलं की झटका सरळ वर यायचा आणि स्टेअरिंग अचानक गरकन फिरायचं. म्हणून अंगठे कडेच्या आत घालायचे नाहीत, वरून ठेवायचे, ही पहिली शिकवण. ती न पाळलेल्यांचे अंगठे वाकडे झालेले असायचे. भरलेली गाडी जागच्या जागी वळवताना ड्रायव्हर सीटवरून उठून उभा राहायचा आणि अंगाचं सगळं वजन घालायचा. पन्नाशीत त्याचे खांदे गेलेले असायचे. अमेरिकेत फ्रान्सिस डेव्हिस नावाचा पिअर्स-अ‍ॅरो कंपनीच्या ट्रक विभागातला अभियंता हेच हाल बघून कामाला लागला आणि १९२६ साली त्यानं पॉवर स्टेअरिंग चालवून दाखवलं. बाजारात ते आलं १९५१ मध्ये, आणि ट्रकवर नाही, क्रायस्लरच्या आलिशान मोटारीवर. ज्यांच्या खांद्यांसाठी ते शोधलं त्यांच्यापर्यंत, त्यातही आपल्याकडच्या ड्रायव्हरपर्यंत, पोचायला आणखी किती दशकं गेली. या गोष्टीचा राग येतो, आणि तो यायला हवा.

आणि वस्तादाच्या हाताखाली जो पोऱ्या असायचा तो दहा-बारा वर्षांचा. पान्हा चुकीचा दिला की तोच पान्हा त्याच्या पाठीत बसायचा. आम्ही शाळा सुटल्यावर तिथं मजेनं जायचो, तो शाळेत कधी गेलाच नव्हता. बालकामगार कायद्याच्या २०१६ च्या दुरुस्तीनं चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवण्यावर जवळजवळ सरसकट बंदी आली. फार उशीर झाला, पण आली. त्या कडुलिंबाखाली मुलगी तर कधी दिसलीच नाही. बायकांच्या शिक्षणासाठी झटलेल्या कर्व्यांचं नाव ज्या गावाला मिळालं, त्या गावात ट्रकखाली काय चालतं हे बाईनं बघायचं नसतं, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. आता त्याच कर्वेनगरात, कर्व्यांच्याच संस्थेचं, मुलींचं कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय १९९१ पासून आहे, आणि मुली तिथं मेकॅनिकल शिकतात. मागे वळून बघताना ही गोष्ट मला सर्वांत जास्त सुखावते.

खंडेनवमीला मात्र काळजात कालवाकालव होते. आदल्या दिवशी सगळे पान्हे रॉकेलच्या घमेल्यात बुडवायचे आणि चिंध्यांनी पुसायचे. लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं मांडायचे, मध्ये रीमर, त्याला सर्वांत मोठा झेंडू. काकू पूजेला यायच्या त्या कुंकवाचं बोट आधी स्टेअरिंगला लावायच्या आणि मग इंजिनाला. त्याआधी गाडीला ग्रीस मारायचं. निपलवरची माती पुसायची, ग्रीस गन दाबायची, आणि सांध्याच्या फटीतून आधी काळं, खरखरीत, जुनं ग्रीस बाहेर येऊ द्यायचं. काळं संपून, सोऱ्यातून शेव पडावी तसं नवं पिवळं ग्रीस सुटायला लागलं की थांबायचं. एकही निपल सुटता कामा नये, आणि एखादं माती जाऊन बुजलेलं असलं तर ते बदलल्याशिवाय पूजा नाही. ही पूजा नवसापोटी नव्हती. वर्षातून एकदा तरी प्रत्येक सांध्याकडे कुणीतरी नीट बघत होतं.

आज बरेच सांधे बंदिस्त येतात. ग्रीस आतच भरलेलं, निपलच नाही. झिजला की फेकायचा. गॅरेजमध्ये खंडेनवमीला लॅपटॉप आणि स्कॅनर मांडतात, त्यांनाही हळदकुंकू लागतं, आणि ते योग्यच आहे, कारण आज त्यांच्यावरच घर चालतं. पण स्टेअरिंग हलकं झाल्यानं एक नवी जोखीम आली आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. जुन्या ट्रकचं स्टेअरिंग झिजत गेलं की रोज थोडं थोडं सांगायचं. गाडी एका बाजूला ओढायची, टायर एका कडेनं खायला लागायचा, हातात धडधड यायची. पॉवर स्टेअरिंगमध्ये तेलाचा दाब ती धडधड मधल्या मध्ये गिळतो. आणि उतारावर डिझेल वाचवायला इंजिन बंद करायची जी वाईट खोड जुन्या ड्रायव्हरांना होती, ती नव्या गाडीवर दुपटीनं वाईट. इंजिन थांबलं की पंप थांबतो, स्टेअरिंग दगड होतं, आणि ब्रेकसाठी हवा भरणंही थांबतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये बाह्यवळणावर नवले पुलाजवळच्या उतारावर एका ट्रकनं कितीतरी गाड्या ठोकरल्या. आमच्या घरचा मुलगा त्याच उतारावरून ये-जा करतो. त्याला मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो, की उतारावर किल्लीला हात लावायचा नाही. तो म्हणतो, काका, मला माहीत आहे. त्याला माहीत असतंही. पंप बंद झाल्यावर स्टेअरिंग किती जड होतं हे एकदा मोकळ्या मैदानात, गाडी उभी असताना, त्यानं हातानं बघून घ्यावं असं मी म्हटलं, आणि त्यानं बघितलं. उतरल्यावर तो काही वेळ मनगट चोळत उभा होता.

जुना ट्रक परत यावा असं मला अजिबात वाटत नाही. त्याची दोन माणसांनी मिळून केलेली तपासणी मात्र कुठंतरी टिकावी असं वाटतं, आणि ते अवघड नाही. औंधच्या आयटीआयमध्ये, आणि आमच्या कर्वेनगरच्या कॉलेजातही, झिजलेल्या किंग पिनचा आणि सैल ड्रॅग लिंकचा एक जुना पुढचा अ‍ॅक्सल, स्टेअरिंग आणि बॉक्ससकट, स्टँडवर उभा करून ठेवावा. यंत्रानं माप घेण्याआधी मुलामुलींनी जोड्या करून तो हातानं तपासावा, प्रत्येक सांध्यावर किती प्ले आहे ते खडूनं लिहावं आणि मग मापाशी ताडून बघावं. अर्ध्या तासानं वरच्यानं खाली जावं, खालच्यानं वर. भंगारवाल्याकडे असा अ‍ॅक्सल अजून मिळतो, आणि गॅसकटरनं तुकडे व्हायच्या आत सांगून ठेवलं तर वजनाच्या भावातच मिळतो.